कोजागिरीचा पाहुणा कोण?

सुरतेत आश्विनी पौर्णिमेला आपण मराठी मंडळी कोजागिरी करतो. दुसऱ्याच दिवशी, वद्य प्रतिपदेला, सुरती लोक चांदनी पडवा साजरा करतात. आपल्याकडे केशर-वेलची घातलेले आटीव दूध. त्यांच्याकडे मावा-पिस्ते भरलेली, तुपाने माखलेली घारी आणि तोंडी लावायला भुसू, म्हणजे तिखटमिठाचे फरसाण. चंद्र एक, गाव एक. पंगती मात्र दोन!

‘को जागर्ति?’, कोण जागे आहे, असे विचारीत लक्ष्मी त्या रात्री फिरते, अशी समजूत आहे. सुरतेत याचे उत्तर शोधावे लागत नाही. उधना-लिंबायतकडे यंत्रमागांवर रातपाळी करणारा कामगार वर्षभर जागाच असतो. त्यांत खानदेशातून आलेले आपले बांधव आहेत, तसेच ओडिशाचे आणि उत्तर प्रदेशचेही.

महाविद्यालयीन समारंभ म्हटला की हारतुरे, भाषणे आणि शेवटी घाईघाईने चहा-बिस्किटे. खाणे केवळ उरकायचे असते. मित्रहो, यंदा दोन्ही सणांचा एकच मेळावा का करू नये? दूध आपण आटवावे, घारी गुजराती मित्रांनी आणावी. ती महाग पडते खरी. पण इतकी जड असते की एकेक तुकडा पुरे. आणि प्रमुख पाहुणा म्हणून सुटीवर असलेल्या एखाद्या मागवाल्याला बोलवावे. त्याने आपले काम सांगावे, आपण ऐकावे. पहिला पेलाही त्यालाच द्यावा.

एवढे जमले नाही, तर एक रात्र जागून आपण मिळवले काय?