शेवटची फळी आधी उभी करा!

मे 2025 मध्ये टेरिटोरियल आर्मीच्या 32 पैकी 14 पायदळ बटालियन पाचारण करण्याचे अधिकार केंद्राने लष्करप्रमुखांना दिले. बेळगावच्या 115 महार आणि कोल्हापूरच्या 109 मराठा बटालियनच्या जवानांवर वेळ आलीच तर ते मागे हटणार नाहीत. प्रश्न आहे तो त्यांच्यामागे गावात उरणाऱ्या फळीचा, म्हणजे होमगार्ड आणि स्वयंसेवकांचा. या फळीची तयारी शून्य आहे.

7 मेच्या नागरी संरक्षण मॉक ड्रिलसाठी केंद्राने 244 जिल्हे निवडले. कर्नाटकातून बेंगळूर, कारवार, रायचूर. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आणि सांबऱ्याचे हवाई दल प्रशिक्षण केंद्र असलेले बेळगाव या यादीत नसावे, हा अक्षम्य निष्काळजीपणा आहे. उद्या भोंगा वाजला तर खडेबाजारातल्या किंवा निपाणी बसस्थानकावरच्या माणसाने जायचे कुठे?

मुंबई प्रांतात डिसेंबर 1946 मध्ये होमगार्ड दल उभे राहिले, तेव्हा बेळगाव त्याच प्रांतात होते. चिनी आक्रमणानंतर हे दल देशभर एका साच्यात आणले गेले. आज गणेश विसर्जन असो, निवडणूक असो की वेदगंगा-दूधगंगेचा पूर, होमगार्ड हजर असतो. मात्र बंदोबस्त नसेल त्या दिवशी भत्ता नाही. त्याचा महिन्याचा भत्ता पोलिसाच्या किमान वेतनाइतका व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्येच बजावले आहे. तरीही वर्षभर काम मिळण्याची हमी नाही. ज्याची चूल अशी अधांतरी ठेवली, त्याच्याकडून युद्धकाळात प्राण पणाला लावण्याची अपेक्षा कोणत्या तोंडाने करणार?

ऐनवेळी सामान्य माणसाला पुढे ढकलणे म्हणजे संरक्षण नव्हे. ऑक्टोबर 1944 मध्ये हिटलरने 16 ते 60 वयाच्या पुरुषांना अपुऱ्या शस्त्रांनिशी रणात लोटले. माणसे हकनाक मेली, पराभव टळला नाही. आपल्याकडे कित्तूर पडल्यानंतर संगोळ्ळी रायण्णाने शेतकऱ्यांची फौज उभारली, शौर्याने झुंजवली. 1831 मध्ये नंदगडला तो फासावर गेला. त्याच्या पुतळ्यावरून इथे वाद पेटतात, पण राज्य गेल्यावर उभारलेली फौज उशिराची ठरते, हा धडा कुणी घेत नाही.

बेळगावचा नागरी संरक्षण यादीत तातडीने समावेश करा. प्रत्येक प्रभागात प्रशिक्षित स्वयंसेवक नेमा. होमगार्डना बारमाही काम द्या. आणि धोक्याच्या सूचना कन्नडबरोबर मराठीतही द्या. मराठी फलक दिसला की कारवाईला धावणाऱ्या प्रशासनाने एवढे ध्यानात घ्यावे : जीव वाचवणारी सूचना माणसाला समजलीच पाहिजे. सीमाभागातील मराठी माणूस देशासाठी लढायला कधीच कचरलेला नाही. त्याला तयार करण्याचे कर्तव्य सरकारचे आहे आणि ते शांततेच्या काळातच पार पाडावे लागते.