'२० पक्ष्यांचा पिंजरा' घेऊ नका



आज डाळिंबावर काही लिहीत नाही. कोंबड्यांवर लिहायचंय, आणि जरा रागानंच लिहायचंय.

परवा तालुक्याच्या बाजारात परत तेच पिंजरे ओळीनं मांडलेले दिसले. ४ फूट लांब, ३ फूट रुंद, वर पत्रा, तीन बाजूंना पत्रा, पुढं जाळी, खाली चाकं. हिरवा-पिवळा रंग मारलाय, दिसायला झकास. वर स्टिकर : '२० पक्ष्यांसाठी'. दोन बायका भाव करत होत्या. मी त्यांना 'घेऊ नका' म्हणलो, तर दुकानदारानं माझ्याकडं असं बघितलं की मीच त्याच्या गल्ल्यात हात घातला.

आता हिशोब करा. ४ गुणिले ३ म्हंजे १२ चौरस फूट. त्यात २० कोंबड्या. एकीच्या वाट्याला आलं ०.६ चौरस फूट. झेरॉक्सचा एक कागद जमिनीवर ठेवून बघा, त्याच्यापेक्षाही कमी जागा. त्यात तिनं बसायचं, हगायचं, अंडं घालायचं आणि मे महिन्यात सांगोल्याच्या माळावर जगायचं.

असाच पिंजरा मी आईला आणून दिला होता, साडेनऊ हजारांना. आईच्या २३ कोंबड्या. अंड्याचे पैसे तिच्या हातात, तिच्या बीपीच्या गोळ्या त्यातनं, नातीच्या वह्या त्यातनं. मागच्या वर्षी मेमध्ये पाहुण्यांकडं लग्न होतं. कुत्र्याची भीती म्हणून सकाळी ११ ला सगळ्या कोंबड्या आत कोंडल्या, पाण्याचं भांडं भरलं, कडी लावली. पिंजरा पश्चिमेकडं तोंड करून उघड्यावर. संध्याकाळी ७ ला आलो तर ११ मेलेल्या, बाकीच्या चोच वासून पडलेल्या. भांडं पालथं झालं होतं.

मला आधी मानमोडी वाटली. पण लस वेळेवर झालेली. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणतो, "रोग आला असंल." रोग नव्हता. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमानच मुळात ४१ अंशांच्या आसपास, आणि जास्तीची उष्णता ती धापा टाकून बाहेर काढते. पत्र्याच्या बंद डब्यात सगळ्यांनी मिळून धापा टाकल्या की हवा दमट होते, आणि दमट हवेत धापेचा उपयोग संपतो. त्या माझ्या चुकीनं मेल्या, हे मी कबूल करतो. पण '२० पक्ष्यांसाठी' हे कुणी लिहिलं?

गंमत म्हणजे शेजारच्या चुलत्यांच्या कोंबड्या लिंबाच्या झाडावर झोपतात, दिवसा सावलीत मातीत लोळतात. त्यांची एकही गेली नाही. मग काय, पारावर सगळे मलाच शिकवायला लागले : "गावरान कोंबडीला घर कशाला पाहिजे? आपल्या आज्या-पणज्यांनी कुठं शेड बांधली होती?"

हे दुसरं टोक, आणि हेही तितकंच खोटं. आज्या-पणज्या खुराडं करत होत्या, पिल्लांवर डालगं झाकत होत्या, दिवस मावळला की मोजून आत घेत होत्या. त्याच लिंबावरनं श्रावणात रानमांजरानं चुलत्यांच्या सहा कोंबड्या आठवड्याभरात नेल्या. चुलते मुंगसाला शिव्या देत बसले. अहो, मुंगूस दिवसा हिंडतं, रात्रीचा चोर दुसरा. आणि झाडावरच्या कोंबडीची अंडी कुठं? बांधाला, काटवनात, कुत्र्याच्या पोटात. खुडूक बसलेली कोंबडी तर जमिनीवरच असते, ती पहिली जाते. वर लस टोचायला पशुधन पर्यवेक्षक दारात आले की २० कोंबड्या झाडावरनं धरणार कोण? घरात असतील तर पहाटे अंधारात एकेक उचलून दहा मिनिटांत काम होतं. लस चुकते आणि मानमोडी घर साफ करते, यात घर नसण्याचा वाटा मोठा आहे, हे कुणी बोलत नाही.

कृषी आणि पशुसंवर्धनातल्या सर-मॅडमनाही एक सांगायचंय. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्या ३१ कोटींच्या वर गेल्या. २०१२ च्या गणनेपेक्षा ही वाढ ४५ टक्क्यांच्या वर. जातींची माहिती तुम्ही देता, खाद्याची देता, लसीचं वेळापत्रक तर पाठच करून घेता. आणि घराबद्दल एक ओळ : 'हवेशीर व सुरक्षित निवारा असावा'. हवेशीर म्हणजे किती, सुरक्षित कशापासून? ती ओळ दुकानदार भरून काढतो, त्याच्या सोयीनं.

आता मी काय केलं ते सांगतो. मी काही तज्ज्ञ नाही, मार खाऊन शिकलोय.

जागा आधी. दिवसभर मोकळी फिरणारी कोंबडी असेल तरी रात्रीपुरतं दीड ते दोन चौरस फूट धरा. २० कोंबड्यांना ८ बाय ५ चं घर, म्हणजे ४० चौरस फूट. पिंजऱ्याच्या तिप्पट. लांबी पूर्व-पश्चिम ठेवली, म्हणजे लांब बाजूनं ऊन आत घुसत नाही. उंची माणूस आत उभा राहील एवढी, कारण वाकून झाडायचं म्हटलं की झाडणं होत नाही, हे मला आईनं सांगितलं. पत्र्यावर उन्हाळ्यात पाचटाचा जाड थर आणि पत्रा दोन्हीकडं अडीच-तीन फूट पुढं काढलेला, म्हणजे पावसाचा सपका आत येत नाही. जागा लिंबाच्या सावलीत.

जाळीबद्दल लई लोक फसतात. षटकोनी भोकांची पातळ कोंबडी-जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. दातानं ओढली की फाटते, आणि मोठ्या भोकातनं रानमांजर पंजा घालून मान ओढतं. खालचे तीन फूट अर्धा इंची वेल्डमेश लावा, वर साधी चालेल. ती जाळी जमिनीत फूटभर गाडा, नाहीतर घूस खालनं बीळ काढून पिल्लं नेते. आणि कडीला खिट्टी घाला. नुसती कडी कुत्रं नाकानं उघडतं, माझ्याकडं उघडलीय.

बसायला दांड्या पाहिजेतच. कोंबडीला रात्री उंचावर बसायचं असतं, म्हणून तर ती झाडावर जाते. एकीला आठ इंच धरले तर वीसजणींना साडेतेरा फूट. आठ फुटाच्या दोन दांड्या, एकाच उंचीवर, फूटभर अंतर सोडून. खाली-वर लावल्या की वरच्या दांडीसाठी रोज मारामारी. दांडी दोन इंच जाड, कडा गोल. अंडी घालायची जागा दांडीपेक्षा खाली ठेवा, नाहीतर कोंबड्या तिथंच झोपतात आणि अंडी घाण होतात. आमच्याकडं डाळिंबाचे जुने क्रेट आडवे टाकलेत, आत तूस, पुढं गोणपाटाचा अर्धा पडदा. पाच कोंबड्यांमागं एक क्रेट पुरतो.

सगळ्यात जास्त भांडण हवेवर होतं. थंडी आली की लोक चारी बाजूंनी ताडपत्री बांधतात. सकाळी दार उघडलं की डोळ्याला झोंबतं. तो अमोनिया. माणसाच्या डोळ्याला झोंबतो तर रात्रभर त्यात बसलेल्या कोंबडीचं काय? मग नाक गळतं, घरघर लागते, आणि आपण म्हणतो थंडी बाधली. थंडीचा कोट तिच्या अंगावरच आहे. खालनं वारं अडवा, गोणपाट लावा, पण दांडीच्या वर, पत्र्याखालची वीतभर फट बारा महिने उघडी ठेवा. ती फक्त जाळीनं झाका.

लाकूड वापरलं असेल तर सांधे तपासत राहा. गोचीड आणि बारीक लाल पिसवा दिवसा तिथं लपतात, रात्री रक्त पितात. दिवसा कोंबडीच्या अंगावर बघून काही सापडत नाही आणि तलंगा मात्र पांढऱ्या पडत जातात. मी घर रिकामं करून सांध्यांवर फ्लेमगन फिरवतो आणि चुना मारतो. जुने अँगल असतील तर हा ताप बराच कमी.

एवढं सगळं जुने अँगल, भंगारातला पत्रा आणि घरच्या मजुरीत ११ हजारांच्या आत बसलं. पिंजऱ्यापेक्षा दीड हजार जास्त. आईच्या आता १९ कोंबड्या आहेत, या मेमध्ये एकही गेली नाही. एक तलंग गेली ती रस्त्यावर, मोटरसायकलखाली.

पिंजरा अजून आहे. चाकं काढून गाड्याला लावली, पत्रा मोटारीच्या स्टार्टरवर घातला. बाजारातल्या त्या दोन बायकांपैकी एकीनं माझा नंबर घेतलाय. रविवारी माप घ्यायला तिच्या वस्तीवर जाणार आहे. वेल्डमेशचं शिल्लक बंडल कुणाकडं पडून असेल तर सांगा, विकत घेऊ.