खेळांचे इंजिन आणि आपली जोडाक्षरे

दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या महाविद्यालयातून बी.सी.एस. झालेली एक विद्यार्थिनी मराठी विभागात आली. अहमदपूरसारख्या तालुक्याच्या गावात संगणकशास्त्राचे विद्यार्थी मराठी विभागाची पायरी सहसा चढत नाहीत. चढलेच तर स्नेहसंमेलनाच्या सूत्रसंचालनापुरते. हिचे काम मात्र वेगळे होते. तिला मोक्षपटावर मोबाइलवर खेळता येईल असा खेळ करायचा होता. परंपरा ज्याचे नाते ज्ञानेश्वरांशी जोडते आणि ज्याच्यातून पुढे आजची सापशिडी आली, तो मोक्षपट. जुन्या पटांच्या घरांत नुसते आकडे नसतात, गुणावगुणांची नावे असतात. शिडी चढायची ती एखाद्या सद्गुणावरून आणि सापाच्या तोंडी जायचे ते एखाद्या दुर्गुणापायी. म्हणजे हा खेळ मुळातच वाचण्याचा आहे.

तिने लॅपटॉप उघडून केलेले काम दाखवले. रंग सुरेख, कवड्या पडण्याचा आवाजही हुबेहूब. पण अक्षरे पाहून मी थबकलो. ‘विवेक’मधली पहिली वेलांटी आपल्या ‘व’ला सोडून पुढच्या ‘वे’ला जाऊन चिकटली होती. ‘सत्त्व’चे तीन तुकडे पाय मोडून एका ओळीत उभे होते. खेळाच्या नावातला ‘क्ष’च फुटलेला होता. ती संकोचाने म्हणाली, “सर, माझं शुद्धलेखन चुकलं का?” मी म्हणालो, “नाही गं, तू बरोबर लिहिलं आहेस. यंत्राला वाचता येत नाही.”

ते एक नामांकित गेम इंजिन होते. नाव महत्त्वाचे नाही, कारण हा दोष एकट्या त्याचा नाही. पण त्या दिवसापासून एक प्रश्न मनात घोळतो आहे. इंजिनाची निवड हा प्रश्न आपण संगणकवाल्यांवर सोडून मोकळे झालो आहोत. तो खरोखर त्यांच्या एकट्याचा आहे काय?

वाङ्मयाच्या वाचकांसाठी आधी थोडा खुलासा. गेम इंजिन म्हणजे खेळ नव्हे. खेळ छापणारा छापखाना. पडद्यावर चित्र उमटवणे, वस्तू पडली की ती खाली जाणे, दोन वस्तू आदळल्या की थांबणे, आवाज, बोटाचा स्पर्श ओळखणे, आणि शेवटी तयार खेळ मोबाइलसाठी किंवा संगणकासाठी बांधून देणे ही कामे प्रत्येकाने नव्याने करू नयेत म्हणून ती एकदाच करून ठेवलेली असतात. गोष्ट आपली, पात्रे आपली, छापखाना दुसऱ्याचा. आणि ज्याचा छापखाना, त्याच्या अटी व त्याचे खिळे आपल्याला स्वीकारावे लागतात.

तिने आधी अनेकांना सल्ला विचारला होता. सगळ्यांचे उत्तर जवळपास एकच: नोकरी हवी तर युनिटी, डोळे दिपवणारे दृश्य हवे तर अनरियल, फुकट हवे तर गोडॉट. हे शेवटचे नाव ऐकून मी तिला पुन्हा विचारले. हो, हा बेकेटचाच ‘गोदो’. हुआन लिनिएत्स्की आणि एरियल मंझूर या दोन अर्जेंटिनी मंडळींनी घडवलेले हे इंजिन २०१४ साली मुक्तस्रोत झाले. नव्या सोयींची इच्छा कधी संपतच नाही, काम कधी पुरे होतच नाही, म्हणून त्यांनी ‘वेटिंग फॉर गोदो’वरून हे नाव ठेवले. एम.ए.च्या वर्गात ज्याची वाट पाहण्याचा अर्थ आपण वर्षानुवर्षे समजावून देतो, तो संगणकाच्या प्रयोगशाळेत केव्हाच येऊन बसला आहे आणि मराठी विभागाला त्याचा पत्ता नाही!

वरचा सल्ला चुकीचा नाही. अनरियलवर काय उभे राहते याचे उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने केलेला आणि २०२० साली प्रसिद्ध झालेला ‘राजी’ हा खेळ अनरियलवरच बांधलेला. भव्य वास्तू, प्रकाश आणि सावल्या हा ज्या खेळाचा प्राण, त्याने ते इंजिन निवडावे हे योग्यच. त्याचे अर्थकारणही व्यवसाय करणाऱ्याला झेपणारे आहे: एका खेळाचे एकूण उत्पन्न दहा लाख डॉलरच्या पुढे गेले की वरच्या रकमेवर साधारण पाच टक्के स्वामित्वधन. युनिटीत काम शिकलेल्याला पुण्या-मुंबईत नोकरी शोधणे सोपे जाते, हेही खरे. लातूर-नांदेडकडच्या मुलांच्या बाबतीत नोकरीचा मुद्दा हसण्यावारी नेण्याचा अधिकार पगारी प्राध्यापकाला नाही.

पण या सल्ल्यात दोन प्रश्न सुटून जातात. पहिला कराराचा. १२ सप्टेंबर २०२३ रोजी युनिटीने जाहीर केले की १ जानेवारी २०२४ पासून, एका मर्यादेनंतर, खेळ जितक्या वेळा नव्याने उतरवून घेतला जाईल तितक्या वेळा निर्मात्याने शुल्क द्यावे. वर्षानुवर्षे खपून केलेले, जुन्या अटींवर बाजारात आणलेले खेळही त्यात येत होते. जगभर गदारोळ झाला, दहा दिवसांत अटी सौम्य कराव्या लागल्या, महिन्याभरात मुख्याधिकारी पायउतार झाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ते शुल्क पूर्णपणे रद्द झाले. तरीही जे कळायचे ते कळले. ‘स्ले द स्पायर’ या गाजलेल्या खेळाचे निर्माते मेगा क्रिट पुढच्या भागासाठी गोडॉटकडे वळले. लेखकाने पुस्तक छापून दिल्यावर मुद्रकाने दर वाचकामागे पैसे मागावेत, असा हा प्रकार होता. गोडॉटचा एमआयटी परवाना जेमतेम काही परिच्छेदांचा आहे आणि हातात आलेली आवृत्ती कोणी परत घेऊ शकत नाही. परवाना हाही एक मजकूरच असतो. तो नीट वाचायला शिकवणे हे भाषेच्या शिक्षकाचे काम नव्हे काय?

दुसरा प्रश्न लिपीचा, आणि माझ्या मते तो अधिक मूलभूत आहे. देवनागरीत अक्षरे ज्या क्रमाने उच्चारली व साठवली जातात, त्या क्रमाने ती दिसत नाहीत. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, कागदावर आधी. रफार डोक्यावर चढतो, ‘क’ आणि ‘ष’ मिळून तिसरेच रूप घेतात. ही जुळणी करणारा स्वतंत्र भाग इंजिनात असावा लागतो. तो नसेल तर अक्षरे नुसती ओळीने मांडली जातात आणि ‘विवेक’ची ती अवस्था होते. जुन्या छापखान्यात हे काम जुळारी करत असे. आजच्या जुळाऱ्याचे नाव आहे ‘हार्फबझ’. हा मुक्तस्रोत कार्यक्रम असून त्याच्या फारसी नावातला ‘हर्फ’ म्हणजे अक्षर.

यंत्र आले की लिपीने वाकायचे, हा आपला जुना इतिहास आहे. देवनागरीच्या केसमध्ये शेकडो खिळे लागतात म्हणून लिपिसुधारणेच्या चळवळी झाल्या. सावरकरांनी रत्नागिरीच्या वास्तव्यात हिरिरीने मांडलेल्या ‘अि, अी, अु, अू’ या बाराखडीमागे मुद्रणाची सुलभता हा मोठा हेतू होता. टंकलेखन यंत्राने जोडाक्षरांचे पाय मोडले. पुढे संगणकावर प्रत्येक फाँटची वेगळी संकेतपद्धती आली आणि लातूरला टंकलेली प्रश्नपत्रिका नांदेडला उघडली की नुसती चिन्हांची रांगोळी दिसे; आपल्यापैकी अनेकांनी ते भोगले आहे. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले तेच मुळी २००८ साली. सुदैवाने आता वाकण्याची गरज उरलेली नाही. यंत्र शिकू शकते. कोणीतरी मागणी मात्र केली पाहिजे.

गोडॉटच्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत देवनागरीची जुळणी नव्हती. १ मार्च २०२३ रोजी आलेल्या चौथ्या आवृत्तीत हार्फबझच्या आधाराने मजकुराची व्यवस्था नव्याने बांधली गेली आणि जोडाक्षरे धड दिसू लागली. बेकेटचा गोदो आला नाही. हा उशिरा का होईना, आला. अनरियलमध्येही अशी जुळणी आहे. पण अनरियल उतरवून घ्यायलाच कित्येक जीबी लागतात आणि तो नीट चालण्यासाठी दमदार संगणक हवा. गोडॉट दोनशे एमबीच्या आत उतरतो आणि साध्या लॅपटॉपवर चालतो. जिथे वीज गेली की डाउनलोड पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते, तिथे हा फरक तांत्रिक राहत नाही, सामाजिक होतो.

म्हणून माझे मत असे. हौसेने किंवा शिकण्यासाठी मराठीत खेळ करणाऱ्याने गोडॉटपासून सुरुवात करावी. ज्याला या व्यवसायात जायचे आहे त्याने युनिटी किंवा अनरियल जरूर शिकावे. कन्सोलवर खेळ न्यायचा असेल तर गोडॉटला अजून बाहेरच्या कंपन्यांचा आधार घ्यावा लागतो, हेही ध्यानात ठेवावे. मात्र कोणतेही इंजिन निवडण्यापूर्वी, पहिल्याच दिवशी, त्यात मराठी लिहून पाहावे. सहा महिने काम झाल्यावर ‘क्ष’ फुटलेला दिसला की मुले दोनच वाटा धरतात: मजकुराचे चित्र करून चिकटवणे, म्हणजे एक काना दुरुस्त करायलाही नवे चित्र, नाही तर सरळ इंग्रजी. मराठी खेळांत मराठी दिसत नाही याचे खापर आपण नेहमी नव्या पिढीच्या अनास्थेवर फोडतो. ही मुलगी अनास्थेने इंग्रजीकडे वळली नसती. नाइलाजाने वळली असती.

मराठी विभागांना यात करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्याला अनुदान लागत नाही. चाचणीसाठी एक छोटा उतारा तयार करून संगणक विभागाच्या भिंतीवर लावता येईल. त्यात ‘विद्यार्थ्यांच्या’, ‘दऱ्याखोऱ्या’, ‘क्षितिज’, ‘ज्ञानेश्वर’, ‘हृदय’, ‘कर्तृत्व’, ‘ॲप’ असे शब्द असावेत. ‘दऱ्याखोऱ्या’ मुद्दाम, कारण हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेले फाँट नेमके तिथे अडखळतात. एवढे सात शब्द ज्या इंजिनात सरळ उभे राहतील, त्याच्याशी पुढची बोलणी करावीत.

आमच्या विद्यार्थिनीने काम पुन्हा पहिल्यापासून, गोडॉटमध्ये सुरू केले. महिन्याभराने तिचा फोन आला. ‘मोक्ष’ अखंड उमटला होता, ‘विवेक’ची वेलांटी घरी परतली होती. “पण सर, लोभाच्या घरातला ‘ल’ पुस्तकातल्यासारखा दिसत नाही.” फाँट हिंदी वळणाचा होता. मराठीचा पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ शासनाने २००९ च्या निर्णयात प्रमाण मानला आहे, हे मी तिला सांगितले. मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवायची सोय इंजिनात असते आणि फाँटात ती वळणे असतील तर ती आपोआप येतात, हे तिने मला सांगितले. वीस वर्षे मराठी शिकवतो आहे. ‘ल’च्या वळणाबद्दल एखाद्या विद्यार्थ्याने आपणहून विचारलेला हा पहिलाच प्रश्न.