देणग्या मिळविण्याचा व्यवसाय

पावतीपुस्तक घेऊन दारीं आलेल्या माणसास आपल्याकडे बहुधा ओटीवरूनच वाटेस लावतात. शाळा, वाचनालय, रुग्णालय हीं सर्वांस हवीं. त्यांसाठीं पैसा मागणारा मात्र कोणास नको! मुलगा शेतकी पदवी घेऊन बियाण्यांच्या कंपनींत विक्रीवर लागला तर आम्ही पेढे वांटतों. तोच एखाद्या संस्थेंत देणग्या मिळविण्याच्या कामावर पगार घेऊं लागला, तर तो वर्गणीवर जगतो असें म्हणतों. ही समजूत आम्हांस घातक वाटते.

महर्षि कर्वे यांनीं १९१६ सालीं महिला विद्यापीठ स्थापिलें व १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं त्यास १५ लक्ष रुपये देऊं केले, हें सर्वश्रुत आहे. त्यामागें कर्व्यांची कित्येक वर्षांची फिरती व लहानलहान देणग्यांची जमवाजमव होती, हें फारसें कोणी बोलत नाहीं. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था काढली. ज्यांच्यापाशीं रोकड नव्हती त्यांजकडून त्यांनीं मूठ मूठ धान्य घेतलें.

आतां मागण्याची रीत पालटली आहे. १ एप्रिल २०१४ पासून कंपनी कायद्यानें ५ कोटी वा अधिक निव्वळ नफ्याच्या कंपन्यांस मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के लोकोपयोगी कामावर खर्चावे लागतात. हा पैसा शहरांत आहे, आणि ज्या संस्थेची नोंदणी, तपासलेले हिशेब व कामाची योजना तयार असेल तिकडे तो वळतो. गांवच्या संस्थेचें काम चोख असतें, पण तें कागदावर मांडणारा कोणी नसतो. आमच्या मतें खरी उणीव पैशाची नसून ह्या माणसाची आहे.

ह्याच व्यवसायाची दुसरी बाजू दात्याच्या सल्लागाराची. विहीर खणून देणारा दाता मिळतो, कारण तिच्यावर नांव कोरतां येतें. पंपाच्या दुरुस्तीस पैसे देणारा मिळत नाहीं. कोणी शाळेस दोन एकर जमीन देतो, पण सात-बारावर संस्थेचें नांव चढविण्याचें राहून जातें, आणि त्याच्या पश्चात् मुलें कोर्टांत उभीं राहतात. देणगी कोणास, कोणत्या अटीवर द्यावी व तिचा हिशेब केव्हां मागावा, हें सांगणारा जाणता माणूस दात्यापाशीं हवा.

मोबदल्याविषयीं मात्र आमचें मत कडक आहे. माल विकणाऱ्या अडत्यास शेंकडेवारी शोभते, येथें ती नको. अमेरिकेंतील असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स ह्या संघटनेच्या आचारसंहितेंतहि जमविलेल्या रकमेवर टक्केवारी घेण्यास मनाई आहे, आणि तें योग्यच होय. टक्केवारीवरचा माणूस आजच्या रकमेकडे पाहतो; दात्याशीं दहा वर्षांचें नातें जोडण्यास त्यास सवड नसते. शिवाय शाळेस म्हणून दिलेल्या शंभरांतले वीस मध्येंच गेल्याचें कळल्यावर दाता पुन्हां दार उघडील काय?

म्हणून पगार ठराविक असावा आणि तो वार्षिक हिशेबांत उघड दाखवावा. एका संस्थेस तो झेपत नसेल तर आसपासच्या तीन-चार गांवांच्या संस्थांनीं मिळून एक शिकलेला मुलगा अथवा मुलगी नेमावी. पहिली मोठी देणगी येण्यास वर्ष सहज लागतें. तेवढ्या वर्षाचा पगार सभासदांनीं आधींच आपसांत जमवून बाजूस ठेवावा.