राखणदार म्हणता, हक्कदार कधी म्हणणार?

ऑस्ट्रेलियातील अनेक बँका, खाण कंपन्या आणि विद्यापीठे आज आपल्या कार्यालयात, अहवालात व सभेच्या प्रारंभी जाहीर करतात की, येथील आदिवासी हेच या जमिनीचे पारंपरिक राखणदार आहेत आणि आम्ही त्यांचा आदर करतो. नफ्यासाठी जन्मलेल्या कंपनीला हा उमाळा का यावा?

उत्तर न्यायालयात सापडते. इंग्रजांनी तो देश बळकावताना ती भूमी कुणाचीच नव्हती, असे गृहीत धरले. एडी माबो यांनी त्याला आव्हान दिले. ३ जून १९९२ रोजी तेथील सर्वोच्च न्यायपीठाने ते गृहीतक मोडीत काढले. निकाल ऐकायला माबो हयात नव्हते. १९९३ साली कायदा झाला आणि अनेक ठिकाणी खाण कंपन्यांना आदिवासींशी वाटाघाटी करणे भाग पडले. ज्याच्याशी बोलणी करावी लागतात, त्याचे नाव घ्यावेच लागते. म्हणजे ही आदराची भाषा लढ्याची कमाई आहे, कंपनीची दया नव्हे.

मात्र नुसत्या आदराने जमीन वाचत नाही. मे २०२० मध्ये रिओ टिंटो कंपनीने जुकान घळीतील प्राचीन गुंफा सुरुंगाने उडवल्या. तेथे ४६ हजार वर्षांपूर्वीच्या मानवी वावराच्या खुणा होत्या. आणि परवानगी? ती कायदेशीर होती!

हा प्रश्न परदेशातला म्हणून सोडून देता येणार नाही. आमच्या रायगड किनाऱ्यावर काय घडले? न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. त्यासाठी शेवा गावचा कोळीवाडा उठला. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीचा न्याय्य मोबदला मागणारे पाच जण उरण परिसरात पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. आणि कातकरी? केंद्र सरकारच्या यादीत तो अतिअसुरक्षित आदिम जमात आहे. पण त्याच्या कित्येक वाड्या दुसऱ्याच्या सातबारावर उभ्या आहेत. मालक जमीन विकतो, फार्महाऊसचे कुंपण पडते आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वाट एका दिवसात बंद होते. आदिवासींची जमीन बिगर आदिवासीकडे जाऊ नये म्हणून जमीन महसूल संहितेत कलम ३६ व ३६-अ आहे. पण ज्याच्या नावावर गुंठाभरही नाही, त्याला हे कलम कसे वाचवणार?

'राखणदार' हा शब्द आम्हाला नवा नाही. गावच्या शिवेचा तंटा निघाला की महाराची साक्ष प्रमाण मानली जाई. शीव त्याने राखायची, जमीन मात्र दुसऱ्याची! वतनाच्या नावाखाली त्याच्या वाट्याला आली ती रात्रंदिवसाची वेठ. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले आणि १९३७ साली खोती नष्ट करण्याचे. गौरवाचा शब्द देऊन हक्क नाकारण्याची ही युक्ती बाबासाहेबांनी ओळखली होती. याच जिल्ह्यातील महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे ठरावाने खुले केले होते. पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी, सत्याग्रहाने. आणि न्यायालयातला अंतिम विजय मिळाला १९३७ साली.

म्हणून किनाऱ्यावरील बंदरे, कारखाने व रिसॉर्ट यांना आमचे सांगणे आहे : प्रवेशद्वारावर कोळी, कातकरी, ठाकर, आगरी यांच्या नावाची पाटी जरूर लावा. पण कुंपण घालण्याआधी वाडीची वहिवाट मोजून घ्या आणि ग्रामसभेसमोर उभे राहा. शासनाने २००६ च्या वनहक्क कायद्यातील आदिम जमातींच्या अधिवासाचा हक्क कातकऱ्यांना द्यावा आणि खाजगी जमिनीवरील वाड्यांची गावठाणे करावीत.

कार्यकर्त्यांनीही वाडीवाडीवर जावे, रेशनकार्ड, मतदारयादी, जुन्या पावत्या गोळा कराव्यात आणि दावे दाखल करावेत. आदर त्यांनी द्यावा वा न द्यावा. सातबारा आम्ही मिळवणारच!