तेलातला ओलावा कोण मोजणार?



कापसाची गाडी केंद्रावर लागली की पुढे काय होते ते आपल्याला पाठ आहे. ग्रेडर गंजीत हात घालतो, ओलाव्याचे यंत्र खुपसतो आणि आकडा सांगतो. ८ टक्क्यांपर्यंत ठीक, त्यावर गेला की भावात कपात, १२ ओलांडले की सीसीआय माल घेतच नाही. त्या आकड्यावरून आपण भांडतो, आणि भांडलेच पाहिजे. पण तो कापूस ज्या पिकअपमध्ये भरून नेला, तिच्या ब्रेकच्या तेलात किती ओलावा आहे हे सबंध वाटेत कोणीही विचारलेले नसते. मालकाने नाही, ड्रायव्हरने नाही, आणि कापसावर बसून निघालेल्या गड्यांनी तर नाहीच.

ब्रेकच्या तेलात पाणी कुठून येणार, असे कोणी म्हणेल. युरियाची गोणी तोंड उघडे ठेवून पावसाळ्यात कोठ्यात टाकली तर काय होते? कोणी पाणी ओतलेले नसते, तरी खत हवेतला दमटपणा ओढून ओले होते. ब्रेक ऑइलचा स्वभाव तोच आहे. नाव ऑइल, पण ते इंजिन ऑइलसारखे खनिज तेल नव्हे; ते ग्लायकॉल जातीचे रसायन आहे आणि ते हवेतली वाफ शोषून घेते. टाकीच्या झाकणातून घेते, रबरी होजमधून घेते. गाडी धावो की झाडाखाली उभी राहो, पावसाळा कोणाला सोडत नाही. म्हणून "गाडी चाललीच कुठे, तेल कशाला बदलायचे?" हा हिशेब इथे लागू पडत नाही.

हे पाणी काय करते ते नीट समजून घ्यावे. बाटलीवर डॉट ३ किंवा डॉट ४ असे छापलेले असते. डॉट ३ च्या ताज्या तेलाला उकळायला किमान २०५ अंश सेल्सिअस उष्णता लागली पाहिजे, असा नियम आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की ते १४० अंशांच्या आसपासही उकळू शकते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५ असे आहेत. कापसात ८ टक्के ओलावा माफ आहे. इथे चार टक्केसुद्धा गाडी घालवायला पुरे.

सपाट रस्त्यावर हे कळत नाही. आपल्या उंद्री-अमडापूर पट्ट्यातला कापूस खामगावला जातो. ती पेठ आजची नाही. १८७० साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठीच. पण चिखली-बुलढाण्याचे पठार सोडून खाली पायनघाटात जायचे म्हणजे उतार आलाच. बुलढाण्याहून मोताळ्याकडे राजूरचा घाट आहे, खामगावकडे बोथ्याचा आहे. भरलेली गाडी उतारावर पाय न काढता ब्रेक लावत नेली की डिस्क आणि ड्रम तापतात, ती उष्णता तेलाला लागते आणि तेलातले पाणी उकळून त्याची वाफ होते. तेल दाबले जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ मात्र दाबली जाते. मग पेडल जाते थेट तळाला आणि गाडी तशीच पुढे. थंड झाल्यावर तीच वाफ पुन्हा पाणी होते, ब्रेक लागायला लागतो, आणि तपासणारा म्हणतो, ब्रेक तर व्यवस्थित आहे, ड्रायव्हरच बेफिकीर असेल.

ड्रायव्हरवर खापर फोडणे फार सोपे असते. तो बहुधा गावातलाच रोजंदारीवरचा पोरगा. "पेडल नरम लागतंय" असे त्याने सांगितले की त्याला उत्तर मिळते, "दोन पंप मार, बसतो." पंप मारल्यावर ब्रेक बसतो म्हणजेच एकतर नळीत हवा आहे किंवा मागच्या लायनरमधली फट वाढली आहे. दोन्ही गोष्टी दुरुस्त करण्याच्या आहेत, सवय करून घेण्याच्या नव्हेत. आणि पेडल दाबून धरले असता हळूहळू खाली उतरत असेल, तर हवा काढूनही भागणार नाही. मास्टर सिलिंडरचे वायसर गेले किंवा कुठेतरी गळती आहे असे समजावे आणि ती गाडी भरूच नये.

टाकीतले तेल कमी दिसले की वरून भर टाकायची, ही दुसरी खोड. तेल पेट्रोलसारखे जळत नाही. ते कमी झाले याचा अर्थ पॅड झिजले किंवा तेल गळते आहे. भर टाकली की तेवढी खूण पुसली जाते. त्यातून घाईत कोणी इंजिन ऑइल किंवा हायड्रॉलिक ऑइल ओतले, तर रबरी वायसर फुगतात आणि सगळेच काम नव्याने करावे लागते.

तेल बदलायला आणि हवा काढायला मोठी कला लागत नाही. दोन माणसे, निप्पलला बसणारा रिंग पाना, त्यावर घट्ट बसणारी पारदर्शक नळी, एक बाटली आणि कंपनीने सांगितलेल्या जातीचे लिटरभर नवे तेल. बाटली सीलबंदच घ्यावी. मागच्या वर्षी फोडलेली अर्धी बाटली कामाची नाही, तिनेही वर्षभर पावसाळा प्यालेला असतो. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावावेत. टाकीतले काळे पडलेले तेल काढून घ्यावे, टाकी स्वच्छ कापडाने पुसावी आणि नवे भरावे. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचे चाक आधी घ्यावे, म्हणजे आपल्याकडच्या गाड्यांत बहुधा मागचे डावे; मग मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे. गाडीच्या पुस्तकात वेगळा क्रम असेल तर तो पाळावा. वरचा माणूस पेडल दाबून धरतो, खालचा निप्पल अर्धा फेरा सैल करतो, तेल नळीतून बाटलीत येते. निप्पल पुन्हा आवळेपर्यंत वरच्याने पाय उचलायचा नाही. पाय आधी उचलला तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळी मेहनत वाया जाते. म्हणून खालच्याने "दाब" आणि "सोड" असे मोठ्याने सांगावे. पेडलखाली लाकडाचा एक तुकडा ठेवावा. जुन्या गाडीत पेडल पार तळाला गेले की मास्टर सिलिंडरमधल्या गंजलेल्या भागावर वायसर घासून फाटतात. बुडबुडे थांबून नव्या रंगाचे स्वच्छ तेल येईपर्यंत हे करत राहावे, आणि मधून मधून टाकी बघावी. ती कोरडी पडली तर पहिल्यापासून सुरुवात. तेल रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवावे, नाहीतर रंग निघतो. निघालेले जुने तेल विहिरीजवळ, बांधावर ओतू नये आणि पाण्याच्या बाटलीत भरून पोरांच्या हाताला लागेल असे तर मुळीच ठेवू नये. ते विष आहे. एबीएस असलेल्या नव्या गाड्यांना यापेक्षा जास्त सोपस्कार लागतात, त्या वर्कशॉपमध्येच न्याव्यात.

परदेशात मेंढ्यांमागे शेतकरी चारचाकी मोटारसायकलवर फिरतात, त्या गाड्यांतही बहुधा असलेच तेल असते आणि त्याला हीच निगा लागते.

ट्रॅक्टरवाल्यांना वाटेल, आपण सुटलो. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक सळ्यांवर चालतात, त्यात काढायला हवा नसते हे खरे. पण तिथे दोन पेडल असतात. शेतात वळण्यासाठी ती वेगळी ठेवतो आणि रस्त्यावर आल्यावर जोडायची खिटी तशीच लोंबत राहते. घाईत एकच पेडल दाबले गेले की ट्रॅक्टर एका अंगाला ओढतो आणि मागची ट्रॉली त्याला आडवा ढकलते. दोन्ही पेडलांची ढिलाई सारखी करून घ्यावी आणि रस्त्यावर खिटी घालावी. याला एक पैसा लागत नाही. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नाहीत, तर कडब्याची किंवा कापसाची भरलेली ट्रॉली उतारावर खालच्या गियरमध्येच उतरवली पाहिजे. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्यांना आम्ही शहाणे म्हणणार नाही. पिकअपमध्ये तर इंजिन बंद केले की बूस्टरची मदत एक-दोन दाबांत संपते.

आता खर्चाचे. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये होता. लिटरभर ब्रेक ऑइल पाच-सात किलो कापसात येते, तेही साधारण दोन वर्षांतून एकदा. उत्पादन खर्चाचा हिशेब आपण बियाणे, खत, निंदण, फवारणी, वेचणी असा पैशापैशाने मांडतो आणि सरकार तो पुरा धरत नाही म्हणून रस्त्यावर उतरतो. त्या हिशेबाच्या वहीत ब्रेकच्या तेलाची ओळ आम्हाला क्वचितच दिसते. जो खर्च आपणच लिहीत नाही तो दुसऱ्याने धरावा असे कोणत्या तोंडाने सांगणार? भाड्याने गाडी लावणाऱ्यांनी तो भाड्यात धरावा, आणि माल भरणाऱ्यांनी भाव करताना तेल कधी बदलले हे विचारावे. भाडे पन्नास रुपयांनी कमी आहे म्हणून गाडी ठरवायची आणि तिच्यावर आपलीच माणसे बसवायची, हा व्यवहार आम्हाला पटत नाही. खरे तर मालावर माणसे बसवणेच बंद झाले पाहिजे, पण ते गावात बोलले की लोक हसतात.

खंडेनवमीला आपण गाडी धुतो, झेंडूचा हार घालतो, लिंबू-मिरची बांधतो. झाकण मात्र उघडत नाही. वेचणीचा माल निघायच्या आत, त्याच आठवड्यात, गावोगाव एक दिवस हे काम एकत्र बसून करावे असे आम्ही सुचवतो. सुरुवात उंद्रीपासून व्हावी. ज्यांच्याकडे पाने आणि नळी आहे त्यांनी ती घेऊन यावी. तेलाच्या बाटल्या ज्याने त्याने आपल्या आणाव्यात, सील न फोडता.