घरप्रपंच : जुनी विलायती स्टेशन वॅगन घेण्यापूर्वी

विलायती मोटारगाडीचे अप्रूप गोमंतकास नवे नाही. १९५४-५५ च्या सुमारास भारताने पोर्तुगीज अमलातील गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा येथील बाजार समुद्रमार्गे येणाऱ्या मालावर भरू लागला. खनिजाच्या पैशाबरोबर जर्मनीच्या गाड्याही बंदरात उतरल्या आणि मर्सिडीझ गाडी येथे चक्क टॅक्सी म्हणून धावली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, देशाचे आयातनिर्बंध येथेही लागू झाले, आणि हाती आहे ती गाडी वर्षानुवर्षे जपून चालविणे ही आमच्या मेस्तांची विद्याच होऊन बसली.

त्या विद्येवरील विश्वासामुळेच आखातातून किंवा बोटीवरून परतलेल्या मुलाने “एखादी जुनी स्टेशन वॅगन घेऊ या” असे म्हटले, की पेडणे-डिचोलीकडील घरांत वडील मंडळी फारशी हरकत घेत नाहीत. विचार वावगाही नाही. घरची सारी माणसे एकदम फेस्ताला जावयाची, म्हाताऱ्या आईची खुर्ची मागे ठेवावयाची, काजूच्या हंगामात चार पोती आणावयाची. एवढी सोय साध्या मोटारीत होत नाही. मर्सिडीझच्या १२४ मालिकेतील वॅगन १९८५ ते १९९६ या काळात बनली. तिच्या काही गाड्यांत अगदी मागे उलट तोंडाचे आसनही असे, आणि मुलांना तेच सर्वांत आवडते. तथापि चार वर्षांच्या परदेशवासाची पुंजी एका सकाळी खर्ची पडावयाची असेल, तर ती सकाळ घाईत घालवू नये.

रंगाची चकाकी पाहण्यापूर्वी गाडीखाली शिरावे. ट्रकप्रमाणे या गाडीस वेगळी चासी नसते. पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा होय. इंजिन उतरवून बांधता येते, परंतु कुजलेला सांगाडा पुन्हा जोमदार करणे गावच्या गराजात दुर्घट आहे. आमच्या दोन्ही तालुक्यांत या कण्यास निरनिराळे शत्रू आहेत. मोरजी, हरमल, केरी या किनाऱ्यास खारा वारा रात्रंदिवस पत्र्यास चाटतो. डिचोलीच्या खाणपट्ट्यात लाल धूळ पोकळ उंबऱ्यांत शिरते, पावसात तिचा चिखल होतो, पाणी जाण्याची भोके बुजतात आणि पत्रा आतून ओला राहतो. बाहेरून काही दिसत नाही, आणि घात होतो तो येथेच.

म्हणून जॅक लावावयाच्या जागा, चाकांवरील कमानींच्या आतल्या कडा, दारांखालचे उंबरे आणि मागच्या मोठ्या दाराची खालची घडी ही ठिकाणे बोटांनी चाचपून पाहावीत. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकावे. धड पत्रा खणखणतो, कुजलेला भदभदतो. मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावे; ज्या जागी ते चिकटत नाही तेथे बहुधा लांबी भरून वर रंग दिलेला असतो. मागचा गालिचा उचलावा, जादा चाकाच्या खळग्यात पाणी साचल्याची खूण आहे काय ते पाहावे, आणि नाकाचाही उपयोग करावा. कुबट वास लपविणे सोपे नाही. गाडीच्या पोटास नुकतेच डांबरासारखे काळे लेपन केले असेल, तर आम्ही विक्रेत्यास नम्रपणे त्याचे कारण विचारू. शक्य असल्यास अशी गाडी ऑक्टोबरात, पावसाळा भोगून बाहेर पडलेली असतानाच पाहावी.

वॅगनचा आणखी एक नाजूक अवयव तिच्या पाठीमागे आहे. मर्सिडीझच्या या वॅगनमध्ये ओझ्याने मागचा भाग दबला, तर तेलाच्या दाबाने तो पुन्हा समतल करण्याची योजना असते. इंजिन चालू ठेवून तीन-चार दणकट माणसे मागे बसवावीत आणि थोडा वेळ वाट पाहावी. पाठ वर उचलली गेली नाही, किंवा खड्ड्यात ती बैलगाडीप्रमाणे आदळू लागली, तर त्या योजनेतील वायूचे गोळे संपले असण्याचा किंवा तेल कोठेतरी गळत असण्याचा संभव आहे. हे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. १९९२ ते १९९५ च्या सुमाराच्या गाड्यांत इंजिनाजवळच्या तारांचे वेष्टण काळाने भुगा होऊन पडते, असाही अनुभव सर्वत्र आहे. तार हलकेच वाकवून पाहिल्यास ते कळते.

इंजिन थंड असतानाच पाहावे. विक्रेत्याने आधीच ते तापवून ठेवले असेल, तर बॉनेटवर हात ठेवताच उलगडा होतो. मग दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा जावे. निळा धूर सतत येत राहिला तर इंजिन तेल जाळीत आहे. तेलाच्या झाकणाखाली ताकासारखा पांढरट थर दिसला तर पाणी तेलात मिसळत असावे. गाडी सपाट रस्त्यावर फिरवून आणण्यात अर्थ नाही. डिचोलीकरांनी ती साखळीवरून चोर्ला घाटावर न्यावी, पेडणेकरांनी मोपाच्या पठारावर चढवावी, आणि चढ संपल्यावर तापमानाचा काटा पाहावा. पेट्रोलवर चालणारी गाडी असेल, तर आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि जुन्या रबरी नळ्या त्यासाठी बनविलेल्या नाहीत हे ध्यानात ठेवावे. नळ्या बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. खुर्च्यांचे फाटके कापड, वाजत नसलेला रेडिओ यांबद्दल फार घासाघीस करू नये; ती कामे स्वस्तात होतात.

कागदांविषयी मात्र कोणतीही भीड बाळगू नये. आज ३ वर्षांहून जुनी विलायती मोटार देशात आणू देत नाहीत. म्हणजे वीस-तीस वर्षांची वॅगन पूर्वीच रीतसर आलेली असली पाहिजे, व जकात भरल्याचा दाखला तिच्याबरोबर असला पाहिजे. हरमल-मांद्रे भागात परदेशी प्रवासी खुष्कीच्या मार्गाने स्वतःची वाहने घेऊन येतात. ती कार्नेट नावाच्या हमीपत्रावर, ठराविक मुदतीत देशाबाहेर परत नेण्याच्या अटीवर आलेली असतात. जाताना एखादा पाहुणा ती अल्प मोलात देऊ करील. परंतु जकात न भरता ती येथे विकता येत नाहीत, आणि जप्तीचा प्रसंग आल्यास पैसे परत मागावयास पाहुणा भेटत नाही.

नोंदणीपुस्तकातील चासी व इंजिन यांचे क्रमांक स्वतः गाडीवर वाचून ताडून पाहावेत. क्रमांकाच्या भोवती वेल्डिंगची खूण दिसली, तर तेथेच नमस्कार करून निघावे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे तपासणी करून ५-५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. ती वाढविली आहे काय ते पाहावे. पत्रादेवीच्या नाक्यापलीकडची, म्हणजे महाराष्ट्रातील गाडी असेल, तर तेथील वाहतूक कार्यालयाचे ना-हरकत पत्र (नमुना २८) हाती आल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये. कर्जाचा बोजा नोंदलेला असेल, तर तो उतरविणे विक्रेत्याचे काम आहे. नमुना २९ व ३० वर दोघांच्या सह्या व्यवहाराच्या दिवशीच घ्याव्यात. गाडी नावावर करण्यासाठी घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत अर्ज करावयाचा असतो. तोवर अपघात झाल्यास विम्याचा प्रश्न चिघळतो, म्हणून विमाही त्याच आठवड्यात आपल्या नावे करून घ्यावा.